आवाज आणायला गेलो होतो

सायकलवरून लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाचे एक हक्काचे सुख असते. घरच्या मंडळींना समोर बसवायचे आणि फोटो दाखवायचे! २०२३ च्या डिसेंबरात मी धायरीहून महाबळेश्वरला सायकलने जाऊन आलो, तेव्हा हे सुख मी पुरेपूर वसूल केले. सौ.ने फोटो पाहिले, मुलीने पाहिले, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने चहा घेत घेत पाहिले. फोन हातोहात फिरत शेवटी अण्णांपर्यंत पोहोचला. अण्णांनी तो दोन्ही हातांत धरला, थोडा वेळ मान हलवली, "छान आहेत हो," म्हणाले आणि पुढे दिला.

फोन त्यांच्या हातात उलटा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे ८२. मूळचे मालवणकडचे. एस.टी.मध्ये त्यांनी ३१ वर्षे गाडी हाकली. त्यातली बरीचशी पुणे ते मालवण याच रस्त्यावर, आणि तीही रातराणी. गेल्या काही वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. मोतीबिंदू काढून टाकता येतो. काचबिंदूने नेलेली नजर परत मिळत नाही. अण्णांनी हे मुकाट्याने पत्करले होते. इतके मुकाट्याने की, आम्हीच ते अधूनमधून विसरत होतो!

त्या रात्री मी ओशाळून त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसलो. तेच म्हणाले, "खंबाटकी चढलास ना? वरच्या वळणावर भरलेले ट्रक कसे कण्हतात, ऐकलंस का?"

मला उत्तर देता येईना. खरे सांगायचे म्हणजे, घाट चढताना मी दोन्ही कानांत बोंडे घालून सिनेमाची गाणी ऐकत होतो.

"पुढच्या खेपेला आवाज आण," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "आणि मालवणला गेलास कधी, तर आपल्या विहिरीच्या रहाटाचा आण. फार वर्षांत ऐकला नाही."

मनीची नेमणूक

झाले! मी यंत्राच्या शोधाला लागलो. हल्ली मुठीत मावेल एवढे ध्वनिमुद्रण यंत्र मिळते. वर दोन बारीक माइक, एक डावीकडचे ऐकणारा, एक उजवीकडचे. त्यामुळे घरी हेडफोन लावून ऐकताना मोटार डावीकडून येऊन उजवीकडे गेलेली स्पष्ट कळते. चांगल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण केले, तर तासाला साधारण एक जीबी जागा लागते. म्हणजे नखाएवढ्या कार्डात आठवड्याचा प्रवास आरामात बसतो.

पण यंत्रापेक्षा महत्त्वाची ठरली ती त्याची टोपी. माइकला सगळ्यांत मोठा शत्रू वारा. आपल्याला झुळूक वाटते, ती माइकला वादळासारखी लागते आणि 'घर्रर्र' अशा आवाजात बाकीचे सारे बुडून जाते. म्हणून माइकवर लांब केसांचे एक कृत्रिम लोकरीचे टोपडे चढवतात. वारा त्या केसांत अडकतो, आवाज आत येतो. परदेशातले ध्वनिमुद्रक या टोपड्याला 'मेलेली मांजर' म्हणतात. आमच्या मुलीला हे नाव मुळीच पसंत पडले नाही. तिने त्याचे नाव ठेवले 'मनी'.

सौ.ने हिशेब विचारला. मी सांगितला. "एवढ्या पैशांत अण्णांना मोटारीत बसवून मालवणला नेऊन आणता आलं असतं," ती म्हणाली. मुद्दा बिनतोड होता. पण अण्णांना गाडीत फार वेळ बसवत नाही, हे तिलाही ठाऊक होते. शिदोरीच्या दशम्या तिनेच बांधून दिल्या.

पहिला दिवस वाऱ्याचा

२०२४ च्या फेब्रुवारीत एका पहाटे पाच वाजता मी धायरीहून निघालो. बेत असा : सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, राधानगरी असे चार मुक्काम आणि पाचव्या दिवशी फोंड्याचा घाट उतरून मालवण. सुमारे ४०० किलोमीटरची वाट. अण्णा ती एका रात्रीत कापत असत. मला पाच दिवस!

मी मोठ्या ऐटीत यंत्र सायकलच्या दांड्यालाच बांधले होते. म्हटले, वाटेतले सगळे आपोआप टिपले जाईल. शिरवळला नीरेच्या पुलाजवळ चहाला थांबलो आणि हेडफोन लावला. काय ऐकू यावे? वारा, साखळीची खरखर आणि एका प्रौढ गृहस्थाचे धापा टाकणे. दुसरे काही नाही. इतक्या मेहनतीने मी स्वतःचाच दमा मुद्रित करीत आलो होतो!

त्या चहाच्या टपरीवर मला या छंदातला पहिला धडा मिळाला. फोटो चालत्या गाडीतून काढता येतो. आवाजापाशी थांबावे लागते. सायकल झाडाला टेकवायची, तिच्यापासून वीस पावले दूर जायचे, यंत्र दगडावर ठेवायचे, प्रथम तारीख, वेळ आणि ठिकाण आपल्या तोंडाने बोलायचे आणि मग निदान दोन मिनिटे गप्प उभे राहायचे. खोकायचे नाही, पाय हलवायचे नाहीत. दोन मिनिटे किती मोठी असतात, हे ज्याला पाहायचे असेल त्याने हा प्रयोग जरूर करावा.

खंबाटकीच्या घाटात मी असा तीनदा थांबलो. अण्णांचे म्हणणे खरे होते. भरलेला ट्रक वळणावर येतो, ड्रायव्हर गिअर उतरवतो, क्षणभर इंजिनाचा श्वास कोंडतो आणि मग ते खालच्या सुरात कण्हू लागते. त्या कण्हण्याच्या मागे दरीत कुठेतरी टिटवी ओरडत होती. महाबळेश्वरला जाताना मी याच घाटात होतो, पण त्या दिवशी तो मला नुसता दिसला होता.

दोन नद्या आणि एक धुणे

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. मी मनात ठरवून गेलो होतो की, दोन नद्यांच्या मिलनाचा आवाज काहीतरी भव्य असणार. सूर्योदयाला मनीला काठावर बसवले. नद्या भेटत होत्या, पण चकार शब्द न काढता! सगळ्या संगमावर ऐकू येत होते ते एकच, पलीकडच्या काठावर कुणी तरी धुणे आपटत होते.

मी जरा हिरमुसलो. पण ऐकता ऐकता एक मौज ध्यानात आली. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसे आणि 'थप्प' नंतर येई. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. नदी ओलांडायला त्यालाही वेळ लागणारच. शाळेत हे गणित मी घोकले होते. कऱ्हाडला ते पहिल्यांदा कानांनी सोडवले.

कोल्हापूरच्या अलीकडे रस्त्याला उसाच्या गाड्या लागल्या. बैलांच्या गळ्यांतल्या घुंगुरमाळा टिपाव्यात म्हणून मी घाईने थांबलो. माळा अगदी जवळ आल्या आणि नेमका त्याच वेळी मागून एक ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या ऊस आणि वर कर्णा लावून लावणी. पुढे एका गुऱ्हाळात शिरलो. काहिलीत रस उकळत होता. आधी त्याचा आवाज पावसासारखा असतो. रस घट्ट होत जातो तसा तो जड होतो आणि शेवटी 'थबक थबक' असे मोठे बुडबुडे फुटू लागतात. गुळव्या तिकडे कान देऊनच होता.

"आवाज भरून न्यायला लागलाय व्हय?" त्याने विचारले.

"हो."

"मग गूळ बी न्या की भरून! नुसत्या आवाजानं तोंड गोड हुतंय व्हय?"

त्याने कागदात बांधून दिलेला कोमट गूळ मालवणपर्यंत पुरला.

हा उद्योग पोरकट वाटतो खरा. पण याला चांगले थोर पूर्वज आहेत. एडिसनने फोनोग्राफ १८७७ मध्ये तयार केला. १८८९ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी दिलेल्या अशाच यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर, घरच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे गाणे उतरवून घेतले. पक्ष्याच्या गाण्याचे ते सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण मानतात. गंमत अशी की, तो पक्षी आपल्या इकडचा होता, शामा! कॅनडातले संगीतकार मरे शेफर यांनी तर १९७० च्या सुमारास सहकाऱ्यांना घेऊन व्हॅन्कूव्हर शहराचे आवाजच जमवायला घेतले. बंदरातले भोंगे, घंटा, लाटा, रस्ते. गावाला जसे रूप असते तसा नादही असतो, आणि तो आपल्या नकळत बदलतो, हे त्यांचे सांगणे होते.

नकळत, हा शब्द मला पटला. आम्ही २००४ मध्ये धायरीला राहायला आलो तेव्हा रात्री टेकडीकडून कोल्हेकुई ऐकू येई. सौ. घाबरून खिडकी लावी. पुढे आजूबाजूला इमारती उठल्या, २०१७ मध्ये सगळी धायरी पुणे महापालिकेत आली, फाट्यावरची रहदारी रात्रीही थांबेनाशी झाली. कोल्हे केव्हा गप्प झाले? नेमकी कुठली ती शेवटची रात्र? घरात कुणालाच सांगता येत नाही. इमारत उठतानाचे फोटो मात्र आमच्याकडे ढीगभर आहेत.

बाद झालेली चार मिनिटे

राधानगरीच्या पुढे दाजीपूरचे रान लागते. १९५८ पासून हे गव्यांचे राखीव रान आहे. पहाटे मी रस्त्याच्या कडेला मनीला एका दगडावर बसवले आणि लांब जाऊन उभा राहिलो. अंधार होता. पानांवरून दव ठिबकत होते. इतक्यात रानकोंबडा आरवला. गावठी कोंबड्यासारखी सुरुवात, पण आरव मधेच तुटल्यासारखा. पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिले. माझ्या अंगावर काटा आला. म्हटले, सगळ्या प्रवासाचे सार्थक झाले!

आणि नेमकी तेव्हाच एस.टी. आली.

आधी लांबून घरघर. मग चढावर गिअर बदलल्याचा खडखडाट. वळणावर लांबलचक हॉर्न. माझ्यापासून पन्नास पावलांवर कुणी तरी हात केला असावा. करकचून ब्रेक लागले. दार आपटले. कंडक्टरचा आवाज आला, "चला, मागं सरका, मागं रिकामं हाय." मग घंटीचे दोन टोल, आणि गाडी पुन्हा धडपडत निघाली. ती नाहीशी होईपर्यंत उजाडले होते आणि रानकोंबडे गप्प झाले होते.

मी इतका चिडलो की, ते मुद्रण तिथेच पुसून टाकायला निघालो. पण गारठ्याने बोटे आखडली होती, बारीक बटणे दाबली जाईनात. 'घरी जाऊन पुसू,' म्हणून मी वहीत त्या क्रमांकापुढे 'बाद' असे लिहिले आणि फोंड्याच्या घाटाकडे निघालो.

रहाट खंय रवलो?

मालवणला दोन दिवस राहिलो. समुद्र टिपला, किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव टिपला. माडाच्या झावळ्यांतला वारा तर मनीला न जुमानता यंत्रात शिरला. मग आमच्या वाडीतल्या जुन्या घरी गेलो. तिथे माझी थोरली काकी असते. वय नव्वदीला टेकलेले, पण आवाज खणखणीत.

"काकी, अण्णांसाठी विहिरीच्या रहाटाचा आवाज न्यायचाय."

काकी माझ्याकडे बघतच राहिली. "अरे झिला, रहाट खंय रवलो आता? तो कधीच मोडलो. आता बटान दाबला की पाणी येता."

विहिरीवर गेलो. कठडा होता, पाणी होते. रहाटाच्या जागी एक निळा पाइप आत गेला होता. बटण दाबले, मोटर 'हूं' करून सुरू झाली. अण्णांनी जन्मात एक वस्तू मागितली होती, ती आणायला मी ४०० किलोमीटर सायकल मारीत आलो होतो आणि ती कित्येक वर्षांपूर्वीच संपलेली होती. मी कठड्यावर बसून राहिलो.

काकी काठी टेकीत मागून आली. माझा चेहरा पाहून म्हणाली, "इतक्या काय त्यात? रहाट असो वाजा..." आणि तिने तोंडाने रहाट वाजवून दाखवला! "कुंईंय्... कुंईंय्... कुंईंय्..." डोळे मिटलेले, हात दोर ओढल्यासारखे वरखाली. लहानपणी सासरी आल्यापासून ज्या बाईने हजारो घागरी ओढल्या, तिच्या गळ्यात रहाट जसाच्या तसा राहिला होता.

"काकी, थांब! पुन्हा कर!" मी यंत्राकडे धावलो.

तिला पुन्हा करायला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. हसूच आवरेना तिला.

परतताना मला पुण्याच्याच एका कामाची आठवण झाली. खेडोपाडी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि जात्यावरच्या ओव्या थांबण्याच्या वाटेला लागल्या. तेव्हा हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुण्यातून हे काम हाती घेतले आणि सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने कित्येक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर ते क्रमाक्रमाने लोकांसमोर येत आहे. त्यातल्या कित्येक बायका आज हयात नाहीत. पण कुणी तरी वेळेवर यंत्र घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले होते. मला रहाटाला उशीर झाला. काकीला झाला नव्हता, एवढेच.

ऐकणारा

येताना सायकल एस.टी.च्या टपावर टाकून आलो. घरी आल्यावर रात्री जेवणे उरकली आणि अण्णांच्या कानांवर हेडफोन चढवला. बाकीच्यांनी ऐकावे म्हणून फोनलाही जोड दिली होती. मी एकेक आवाज लावू लागलो. ठिकाण मुद्दामच सांगितले नाही.

"खंबाटकी," अण्णा लगेच म्हणाले. "वरून तिसरं वळण."

प्रीतिसंगमावर त्यांनी मान हलवली. गुऱ्हाळाला हसले. रानकोंबड्याला "हं" म्हणाले. मुलीने मधेच यंत्राचे बटण दाबले आणि मी पुसायचे विसरलेले ते 'बाद' मुद्रण सुरू झाले. मी बंद करायला हात पुढे केला, तो अण्णांनी नेमका धरला.

"थांब."

लांबून घरघर आली. अण्णा ताठ बसले. खडखडाट झाला, तेव्हा त्यांचा डावा पाय फरशीवर दाबला गेला आणि डावा हात मांडीशेजारी हवेत पुढे गेला. क्लच आणि गिअर! "उशीर केला यानं," ते पुटपुटले. "दुसऱ्यात आधीच घ्यायला हवी होती." हॉर्न वाजला. ब्रेक लागले. उजवा पाय दाबला. "चला, मागं सरका," कंडक्टर म्हणाला. अण्णा थांबले. घंटीचे दोन टोल पडले आणि अण्णांनी क्लच सोडला.

खोलीत कुणी बोलले नाही. सौ. पदराने भांडे पुसत होती, ती तशीच उभी राहिली.

"पुन्हा लाव," अण्णा म्हणाले.

ती चार मिनिटे आम्ही त्या रात्री तीनदा ऐकली. प्रत्येक खेपेला त्यांनी गाडी चालवली.

शेवटी मी काकीचा रहाट लावला. अण्णांना दोन क्षण कळेना. मग ते जे हसले, ते ठसका लागेपर्यंत. "अरे, ही तर वहिनी!" पुन्हा ऐकून ते गंभीर झाले. "पण चुकलं तिचं. घागर वर आली की रहाट कठड्याला एक ठोका द्यायचा. कुंईंय्... कुंईंय्... ठक्! तो ठोका राहिला."

"पुन्हा म्हणा, अण्णा," मी म्हणालो आणि यंत्र सुरू केले. मग तारीख सांगितली, वेळ सांगितली, ठिकाण सांगितले : धायरी.

अण्णांनी रहाट ओढला. ते मुद्रण तंत्राच्या दृष्टीने अगदीच सदोष आहे. मागे आमचा पंखा आहे, खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी आहे, फाट्याकडच्या मोटारींची घरघर आहे, आणि मुलीचे दाबून धरलेले हसू आहे. वहीत त्याच्यापुढे मी 'बाद' लिहिलेले नाही.

वाचकहो, दिवाळीला घरी माणसे जमतील, फोटो निघतील. निघू द्यात. पण ज्या फोनने फोटो काढाल, त्यातच आवाज टिपण्याची सोयही असते. पंखा बंद करा, फोन पाटावर ठेवा, तारीख बोला आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी घरात कशाकशाचा आवाज यायचा? आणि मग दोन मिनिटे गप्प राहा.

अण्णांनी आता नवी मागणी केली आहे. फोंड्याचा घाट उतरतानाचा आवाज मी आणलाच नाही, असे त्यांचे म्हणणे. "चढ कुणीही चढवतो," ते म्हणतात, "ड्रायव्हर कळतो तो उतारावर." मनीचे केस धुऊन वाळत घातले आहेत.